अनुभवाचा रकाना

१९९३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मी त्या वेळी बत्तीस वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी. दोन दिवस वर्तमानपत्रं वाचण्यात आणि काउंटरवर त्याच त्या बातम्या बोलण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला, पिशवीत दोन कपडे, बॅटरी आणि बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या घेतल्या आणि मिळेल त्या वाहनानं निघालो. घराबाहेर पडताना छाती थोडी पुढं आलेली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तिथं एका मदत संस्थेच्या तंबूबाहेर टेबल मांडलेलं होतं. टेबलावर आखलेलं रजिस्टर. नाव, गाव, वय, शिक्षण, व्यवसाय असे रकाने आणि शेवटचा रकाना पूर्वानुभवाचा. तो मी कोरा ठेवला. टेबलामागचा मुलगा माझ्याहून लहान होता आणि दोन-तीन रात्री झोपलेला नसावा. त्यानं रजिस्टरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की डॉक्टर असाल तर थांबा, ढिगारा उपसण्यातलं काही कळत असेल तर थांबा. नुसती इच्छा घेऊन आलेली माणसं फार झाली आहेत, त्यांनाच पाणी आणि जेवण पुरवताना आमचा जीव जातोय. परत जा, जमलं तर पैसे पाठवा.

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते, आणि मीही त्या ढिगासारखाच चांगल्या मनानं पाठवलेला आणि कुणाच्या उपयोगाचा नसलेला ऐवज होतो. त्याच रात्री परत फिरलो. अपमान झाला असं वाटलं नाही. डोक्यात राहिला तो एक साधा हिशेब. जिथं अनुभव मिळायचा, तिथंच तो आधी मागतात. मग पहिला अनुभव आणायचा कुठून?

या हिशेबाची दुसरी बाजूही माझ्याकडं जमा आहे. कर्जाच्या अर्जात आमच्याकडंही तो रकाना असे. मसाल्याचा लहानसा उद्योग काढू पाहणाऱ्या एका बाईंचा अर्ज मी त्या रकान्यात काही नाही म्हणून बाजूला ठेवला होता. किल्लारीहून परत आल्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा मला काही आठवलं नाही.

असो. निवृत्तीनंतर मुलीकडं अमेरिकेत मेरीलँडला गेलो होतो. तिथं ग्लेन एको नावाच्या गावात एक लाकडी घर आहे, ते पाहायला तिनं नेलं. घर बाहेरून मोठं, पण आत शिरल्यावर घरासारखं वाटत नाही. जहाजावर असतात तसे वर सज्जे आणि कठडे, भिंतीत खोल खोल कपाटं, आणि छताला चक्क जखमा बांधायच्या पट्ट्यांचं कापड लावलेलं. हे गुदाम म्हणून बांधलेलं घर होतं आणि गुदामात राहणारी बाई होती क्लारा बार्टन. अमेरिकन रेडक्रॉसची संस्थापक, एवढं एक वाक्य मला शाळेच्या पुस्तकापासून माहीत होतं. पण ती चाळिशीपर्यंत सरकारी कचेरीत कागद उतरवून काढणारी कारकून होती, आणि सेवेच्या कामात शिरण्यासाठी तिला दीड वर्ष दारं ठोठवावी लागली, हे मला तिथं कळलं. मग मिळेल ते वाचत गेलो.

क्लाराचा जन्म २५ डिसेंबर १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ऑक्सफर्डचा. पाच भावंडांत धाकटी, आणि तीही इतर चौघांपेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान. बुजरी इतकी, की घरच्यांना काळजी पडावी. वडील तरुणपणी सैन्यात होते, ते तिला लढायांच्या गोष्टी सांगत. ती अकरा वर्षांची असताना मोठा भाऊ डेव्हिड कोठाराच्या छपरावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. दोन वर्षं या पोरीनं त्याची शुश्रूषा केली; त्या काळच्या वैद्यकीप्रमाणं जळवा लावण्याचं कामसुद्धा तिनंच केलं. पुढं तिच्या चरित्रांत या दोन वर्षांना फार मोठं स्थान मिळालं. मला मात्र वाटतं, घरातलं आजारपण काढणं हा अनुभव जगात कुणीच रकान्यात धरत नाही. आपल्याकडंही घरोघरच्या बायका तो घेऊन बसलेल्या आहेत.

सतरा-अठरा वर्षांची असताना ती शिक्षिका झाली आणि पुढची पंधराएक वर्षं तिनं शिकवलं. १८५२ मध्ये न्यू जर्सीतल्या बॉर्डनटाउन गावात तिनं मोफत सार्वजनिक शाळा काढली. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं होती, ती शेकड्यांवर गेली. गावानं खूश होऊन नवी इमारत बांधली, आणि इमारत उभी राहिल्यावर मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाला आणून बसवलं, तिच्याहून जास्त पगारावर. एवढी मोठी शाळा चालवणं बाईमाणसाचं काम नव्हे, असा गावकीचा विचार. ज्या शाळेचा सगळा अनुभव एकटीच्या पदरात होता, तिथं तो मोजला गेला नाही. तिचा आवाज बसला, तब्येत ढासळली आणि १८५४ मध्ये ती राजीनामा देऊन वॉशिंग्टनला आली.

तिथल्या पेटंट कचेरीत तिला कारकुनाची जागा मिळाली. आयुक्त चार्ल्स मेसन यांनी पुरुष कारकुनांइतकाच, वर्षाला १,४०० डॉलर पगार लावला. आता कचेरीत काय झालं असेल याची कल्पना ज्यांनी सत्तरच्या दशकात बँकेत पहिल्या मुली रुजू होताना पाहिल्या आहेत त्यांना सहज येईल. सकाळी ती आत येताना पुरुष मंडळी बोळात दोन्ही बाजूंना उभी राहत, तोंडावर तंबाखूचा धूर सोडत आणि तिच्या चारित्र्याबद्दल कुजबुजत. वरच्या मंत्र्यांनाही कचेरीत बायका नको होत्या. तिचा पगार गेला आणि शंभर शब्दांना दहा सेंट या दरानं नकला उतरवण्याचं काम हाती आलं. १८५७ मध्ये सरकार बदललं तेव्हा तेही गेलं. लिंकन निवडून आल्यावर १८६० च्या अखेरीस ती परत आली, पुन्हा नकला करायला.

म्हणजे १८६१ च्या एप्रिलात यादवी युद्ध पेटलं तेव्हा ही एकोणचाळीस वर्षांची अविवाहित, हंगामी नकलनवीस. रजिस्टरात लिहायचं तर एवढंच.

१९ एप्रिलला तिच्याच मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण वॉशिंग्टनला येत असताना बाल्टिमोरमध्ये जमावानं तिच्यावर हल्ला केला. चार सैनिक मेले, कित्येक जखमी झाले. उरलेल्यांचं सामान वाटेत गेलेलं. राजधानीत त्यांना ठेवायला जागा नव्हती म्हणून थेट सिनेटच्या सभागृहात उतरवलं. क्लारा पाहायला गेली तर त्यातले कित्येक जण ओळखीचे, काही तर तिचे विद्यार्थी. तिनं घरातल्या जुन्या चादरी फाडून टॉवेल आणि रुमाल केले, सुया-दोरे, साबण, खाण्याच्या टोपल्या नेल्या. गावाकडचं वर्तमानपत्र मिळालं ते अध्यक्षांच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिनं गावाकडच्या बायकांना पत्रं लिहिली. मुरांबे आले, पायमोजे आले, पट्ट्या आल्या, दारूच्या बाटल्याही आल्या. खोली भरली तशी तिनं गुदामात जागा घेतली.

इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. वस्तू गोळा करणारी बाई सगळ्यांनाच चालते. पण जखमी लोक वॉशिंग्टनला बोटींतून येत ते दिवसेंदिवस पट्टी न बदललेले, उपाशी, चिखलात लडबडलेले. पोचेपर्यंत अर्धे हाताबाहेर गेलेले असत. मदत पोचायला हवी ती रणांगणाजवळ, हे तिला दिसत होतं आणि तिथं जायला बाईला परवानगी नव्हती.

रस्ते नव्हते असं नाही. सैन्यासाठी परिचारिका नेमण्याचं काम जून १८६१ पासून डोरोथिआ डिक्स या नामांकित बाईंकडं होतं. त्यांच्या अटी प्रसिद्ध आहेत. वय तिशीच्या पुढचं हवं, रूप साधं हवं, कपडे तपकिरी किंवा काळे, फिती नाहीत, दागिने नाहीत, घेरदार झगे नाहीत. या अटींना आज आपण हसतो, पण छावणीत बायका पाठवण्याची कल्पनाच लोकांना न पचणारी होती तेव्हा डिक्सबाईंनी ती अशा कुंपणानं वाचवली, हेही खरं. क्लारा या अटींत बसली असती. पण डिक्सबाईंच्या परिचारिका पिछाडीच्या इस्पितळांत असत, आणि हिला आघाडीवर जायचं होतं. मोठमोठ्या मदत मंडळांच्या नियमांतही तिचा जीव रमण्यासारखा नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांकडं तिनं रदबदली करून पाहिली, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. याच दिवसांत, मार्च १८६२ मध्ये, वडील वारले. अखेरच्या आजारात ती त्यांच्याजवळ होती. तिनं जावं असं म्हणणारा घरातला जुना शिपाई तेवढा तोच होता.

आता नेमकं काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात ती सैन्याच्या रसद खात्याचे अधिकारी डॅनियल रकर यांच्या कचेरीत गेली. भेटायला आलेल्यांची गर्दी, साहेब वैतागलेले. तिची पाळी आली आणि इतक्या दिवसांचं सगळं साचलेलं डोळ्यांवाटे बाहेर पडलं. रकरसाहेब गडबडले. काय हवं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की माझ्याकडं गुदामं भरून सामान आहे, ते आघाडीवर न्यायला गाड्या हव्यात. मला परिचारिका करा, असं ती म्हणाली नाही. ते म्हणून तर वर्ष गेलं होतं. गाड्या देणं हे रकरसाहेबांच्या रोजच्या कामातलं होतं. त्यांनी गाड्या दिल्या, परवाने मिळवून दिले. सामानाबरोबर सामानाची मालकीण गेली, इतकंच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. मी किल्लारीला गेलो तो पिशवीत दशम्या घेऊन. बँकेत आठ-नऊ वर्षं काढलेला माणूस मी, शेकडो नोंदी चूक न करता दिवसभर लिहू शकत होतो, आणि त्या तंबूत कुठल्या गावाला काय गेलं याचा हिशेब ठेवायला माणूस नव्हता हे डोळ्यांना दिसत होतं. पण ते मला सुचलंच नाही. मला ढिगारा उपसायचा होता. सेवा म्हणजे काहीतरी वेगळं, आपल्या रोजच्या कामाहून उंच, अशी समजूत.

इथून पुढं हिला बाई म्हणायला हवं, कारण सैनिकांच्या लेखी ती बाईच झाली. ९ ऑगस्ट १८६२ ला व्हर्जिनियात सीडर माउंटनची लढाई झाली. बाई चार दिवसांनी कल्पेपरला पोचल्या. मध्यरात्री खेचरांची गाडी इस्पितळाच्या दारात उभी राहिली तेव्हा सर्जन डन यांच्याकडच्या पट्ट्या संपलेल्या होत्या. रणांगणावरची देवदूत ही जी उपाधी बाईंना कायमची चिकटली ती या डॉक्टरांच्या पत्रातून आली. पुढं ऑगस्टच्या शेवटी फेअरफॅक्स स्टेशनवर रेल्वेच्या कडेला, टेकडीच्या उतारावर गवत पसरून हजारो जखमी निजवलेले. बाईंकडं खाणं होतं पण भांडी नव्हती. मुरांब्याच्या बरण्या रिकाम्या करून त्यांचीच भांडी केली. रात्री हातात मेणबत्ती घेऊन त्या सुक्या गवतातून फिरायचं म्हणजे एक ठिणगी पडली तर सगळा उतार पेटायचा. हा प्रसंग बाईंच्या मनात असा बसला की पुढच्या खेपेला त्या कंदील घेऊन निघाल्या.

पुढची खेप अँटिएटमची. १७ सप्टेंबर १८६२. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तेवीस हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. सैन्याच्या गाड्यांची मैलोन्‌मैल रांग, आणि रांगेचा नियम असा की दारूगोळा पुढं, मग अन्न, आणि औषधपाणी सगळ्यात मागं. बाईंनी काय करावं? सगळा तांडा रात्री विसाव्याला थांबला असताना मध्यरात्रीनंतर आपल्या गाड्या जुंपल्या आणि झोपलेल्या रांगेच्या कडेनं हळूहळू पुढं नेत पहाटेपर्यंत तोफखान्याच्या मागं नेऊन लावल्या. लढाईत एका शेतघराशी सर्जन लोक मक्याच्या कणसांच्या पानांनी जखमा बांधत होते, तिथं त्या पोचल्या. पाणी पाजत असताना एक गोळी त्यांच्या बाहीतून जाऊन त्याच जखमीला लागली आणि तो हातात गेला. दुसऱ्या एकाच्या गालात रुतलेली गोळी त्यांनी खिशातल्या चाकूनं काढली, असंही त्या सांगत. अंधार पडला तेव्हा सर्जनजवळ उरलेला मेणबत्तीचा तुकडा संपत आला होता. बाईंनी गाडीतून कंदील काढले.

या हकिगती बाईंनी पुढं व्याख्यानांतून सांगितलेल्या आहेत, आणि व्याख्यानात थोडा मसाला पडतोच. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं तरी त्यावर फार बोलू नये. पण कंदिलांवर माझा विश्वास आहे. एका लढाईत जे कमी पडलं ते दुसऱ्या लढाईला बरोबर असणं, अनुभव म्हणतात तो हाच. तो मिळायला पंधरा-वीस दिवस पुरले होते.

गंमत अशी की या सगळ्या काळात पेटंट कचेरीच्या पटावर बाईंचं नाव होतंच. त्यांचं काम बदली माणूस करत असे, पगाराचा वाटा त्याला जाई, आणि उरलेल्यावर बाई युद्ध चालवत. त्या आयुक्तांनी रजेचा कुठला नियम लावला असेल, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे.

फ्रेडरिक्सबर्ग, चार्ल्स्टन, पुढं जेम्स नदीकाठची फौज, असं करत युद्ध संपलं. आणि मग बाईंनी जे काम हाती घेतलं ते मला त्यांच्या रणांगणाहूनही मोठं वाटतं. हजारो घरांतला मुलगा, नवरा, भाऊ परत आला नव्हता आणि मेला का जिवंत आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. १८६५ मध्ये लिंकन यांच्या संमतीनं बाईंनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी सुरू केली, वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावर, राहत्या जागेतच. आलेल्या पत्रांतून नावांच्या याद्या करायच्या, छापून पोस्टांत आणि वर्तमानपत्रांत लावायच्या, परत आलेल्या सैनिकांनी त्या वाचून अमुक माझ्या डोळ्यांदेखत अमुक ठिकाणी पडला असं कळवायचं, आणि ते पुन्हा त्या घराला कळवायचं. तीन वर्षांत त्रेसष्ट हजारांवर पत्रं आली आणि सुमारे बावीस हजार माणसांचा ठावठिकाणा लागला. शुद्ध नकलनविशीचं काम. शंभर शब्दांना दहा सेंट दराचं.

याच कामात त्यांना डॉरेन्स ॲटवॉटर हा पोरगा भेटला. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर तोही कैदी होता, आणि अक्षर चांगलं म्हणून मृतांची नोंदवही लिहायला त्याला बसवलं होतं. त्यानं गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटताना कोटाच्या अस्तरात लपवून आणली. जवळजवळ तेरा हजार नावं. १८६५ च्या उन्हाळ्यात बाई त्याच्यासह तिथं गेल्या आणि पाचशेच्या आत थडगी सोडली तर बाकी सगळ्यांवर नावं लागली. ॲटवॉटरला बक्षीस काय मिळालं? यादी पळवली म्हणून लष्करी खटला आणि तुरुंग. बाईंनी त्याच्या सुटकेसाठी जंगजंग पछाडलं.

या ठिकाणी मला पुन्हा मध्ये यावं लागतंय. जानेवारी १९९४ मध्ये बँकेनं मला दोन महिन्यांसाठी भूकंपाच्या भागातल्या एका शाखेत पाठवलं, मृत खातेदारांचे दावे निकाली काढायला. इथं पूर्वानुभव कुणी विचारला नाही. रोज सकाळी दारात माणसं बसलेली असत. एक बाई माहेरच्या चार जणांची पासबुकं फडक्यात बांधून आल्या होत्या. आई, भाऊ, भावजय आणि भावाचा मुलगा. ओलीनं पानं एकमेकांना चिकटलेली. आईच्या खात्यात तीनशे का साडेतीनशे रुपये. वारस म्हणून भावाचं नाव, आणि भाऊही गेलेला. आईचं नाव आमच्या लेजरला एक, रेशन कार्डावर दुसरं. मी कागद मागत गेलो आणि त्या तलाठ्याकडं आणि माझ्याकडं हेलपाटे घालत राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं, की माझी आई होती हे तुमच्या वहीत आहे की नाही तेवढं सांगा. पैशाचं त्यांनी विचारलं नव्हतं. मी लेजर उघडून त्यांना ती ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. पैसे मी माझ्या अधिकारात त्या दिवशी दिले, आणि पुढं तपासणीत त्यावर शेरा आला.

बाईंचं पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. १८६९ मध्ये तब्येतीसाठी त्या युरोपात गेल्या तेव्हा जिनिव्हात डॉ. लुई आपिया यांनी त्यांना गाठून विचारलं, की १८६४ च्या करारावर अमेरिका सही का करत नाही. रेडक्रॉस ही काय चीज आहे हेच बाईंना तोवर माहीत नव्हतं. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी रेडक्रॉसची भरलेली, लेबलं लावलेली गुदामं पाहिली आणि त्या थक्क झाल्या. गुदामाचं माहात्म्य त्यांना दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी नुसते कपडे न वाटता उद्ध्वस्त घरांतल्या बायकांना मजुरी देऊन ते शिवून घेतले. परत आल्यावर काही वर्षं आजारपणात आणि खिन्नतेत गेली. काम नसलं की बाई अंथरूण धरत आणि काम आलं की उठत, असं आयुष्यभर चाललं. मग वॉशिंग्टनमध्ये पुन्हा दारं ठोठवणं सुरू. एका सरकारनं नकार दिला, दुसऱ्यानं होकार दिला तर त्या राष्ट्राध्यक्षांचाच, गारफिल्डांचा, खून झाला. २१ मे १८८१ रोजी अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना झाली आणि मार्च १८८२ मध्ये अमेरिकेनं करार स्वीकारला. बाई साठ वर्षांच्या होत्या.

३१ मे १८८९ ला पेनसिल्व्हेनियात धरण फुटून जॉन्सटाउन गाव वाहून गेलं, २,२०९ माणसं मेली. बाई पन्नासएक माणसं घेऊन पाच दिवसांत पोचल्या. तिथल्या व्यवस्थेवरच्या सेनाधिकाऱ्यांना प्रश्न पडला, की या वयस्क बाईचं आता करायचं काय. अँटिएटम, स्ट्रासबुर्ग, आठ वर्षांचं अध्यक्षपद, सगळं गाठीशी होतं, तरी प्रश्न तोच. बाईंनी वाद घातला नाही. पाच महिने राहिल्या, बेघरांसाठी मोठी लाकडी वसतिगृहं उभारली, आणि काम संपल्यावर ती मोडून लाकूड बरोबर नेलं. ग्लेन एकोचं ते घर त्याच लाकडाचं. १८९३ च्या वादळानंतर दक्षिण कॅरोलायनाच्या बेटांवर तीस हजार माणसं, बहुतेक गुलामगिरीतून सुटलेली काळी कुटुंबं, उघड्यावर पडली तेव्हा त्या दहा महिने तिथं होत्या. बियाणं दिलं, पाण्याचे चर खणून घेतले. १९०० मध्ये गॅल्व्हेस्टनच्या वादळात गेल्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

आणि मग हिशेबाचा प्रश्न निघाला. इथं माझी पंचाईत होते. संस्थेचा पैसा, देणगीदारांचा पैसा आणि स्वतःचा पैसा बाई एकाच पिशवीत ठेवत. गरज पडली की आधी खर्च, मग जमलं तर नोंद. पावत्या नाहीत, खतावणी नाही. मेबल बोर्डमन या श्रीमंत घरातल्या, शिस्तीच्या बाईंनी आणि त्यांच्या गटानं हे चव्हाट्यावर आणलं. बाईंनी पैसा खाल्ला असं कुणाला दाखवता आलं नाही. चौकशी नेमली गेली ती ठपका न ठेवताच गुंडाळली गेली. पण ऑडिटर म्हणून मी असतो तर शेरे मीही मारले असते, आणि ते बरोबर असते. आणखी एक गोष्ट नाकारून चालणार नाही. तेवीस वर्षं अध्यक्षपद बाईंनी कुणाला दिलं नाही. स्थानिक शाखांशी भांडणं, बरोबरच्यांवर संशय, नव्या माणसाला अधिकार देताना हात आखडता. दाराबाहेर इतकी वर्षं काढलेलं माणूस आत आल्यावर दार उघडंच ठेवील, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. मे १९०४ मध्ये बाईंना राजीनामा द्यावा लागला. बोर्डमनबाईंनी पुढं संस्थेला जी शिस्त लावली तिच्यामुळंच ती एवढी वाढली, हे मान्य करूनही मला त्यांच्याबद्दल प्रेम वाटत नाही. हिशेब तपासणाऱ्यांवर कुणी प्रेम करत नाही, हे मला ठाऊक आहे.

त्र्याऐंशीव्या वर्षी, १९०५ मध्ये, बाईंनी प्रथमोपचार शिकवणारी नवी राष्ट्रीय संस्था काढली. गिरणीतले कामगार, आगीचे बंबवाले, अशा माणसांनी रक्त कसं थांबवायचं, मोडलेलं हाड कसं बांधायचं हे शिकायचं. पट्ट्या आणि औषधं भरलेल्या पेट्या त्यांना मिळत. शिकायला येणाऱ्याला काहीएक येत असणं जरुरीचं नव्हतं.

१२ एप्रिल १९१२ रोजी त्या ग्लेन एकोच्या घरातच वारल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. नॉर्थ ऑक्सफर्डला आईवडिलांच्या शेजारी त्यांना पुरलं.

विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावरची एक जुनी इमारत पाडायची ठरली. पाडण्याआधी पाहणी करायला एक सरकारी सुतार गेला, त्याला छताच्या भोकातून बाहेर आलेला एक कागद दिसला. वर चढून पाहिलं तर माळ्यावर जुने कागद, कपडे आणि एक पत्र्याची पाटी. बेपत्ता सैनिक कचेरी, तिसरा मजला, खोली क्रमांक ९, मिस क्लारा बार्टन. इमारत वाचली. आता तिथं संग्रहालय आहे, आणि खोलीच्या दाराला टपाल टाकायची फट अजून आहे. आम्ही गेलो त्या दिवशी ते बंद होतं.